कुणाला, काय, कुठे

शब्दांवाचून तुझं काही अडत नाही, हे आधी सांगून टाकते. 'टॅकीकार्डिया' म्हणजे काय हे तुला पक्कं ठाऊक आहे, 'हायपोग्लायसेमिया'चं स्पेलिंग झोपेतून उठवलं तरी सांगशील. मराठी माध्यमातून येऊन नर्सिंगच्या जीएनएम कोर्सची सगळी पुस्तकं तू इंग्रजीतून वाचलीस, पेपर इंग्रजीतून लिहिलेस. तरीही ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती, म्हणजे ओव्हर, देताना तुझा घसा कोरडा पडतो, आणि समोरची मल्याळी सिस्टर 'व्हॉट?' म्हणाली की पुढचं सगळं डोक्यातून जातं. परवा फोनवर तू रडवेली झालीस तेव्हापासून माझ्या मनात हेच घोळतंय. अगं, तुझं घोडं अडतं ते 'हिम', 'हर', 'इट', 'देम' आणि 'टू', 'ऑन', 'ऑफ', 'फॉर' या एवढ्याएवढ्याशा शब्दांपाशी. कुठलं क्रियापद यांतल्या कुणाला बरोबर घेतं आणि कुठल्या क्रमाने, एवढं हाताशी आलं की वॉर्डातलं निम्मं इंग्रजी हाताशी आलं. आज ऑफ आहे ना तुझा? मग चहा घेऊन बस, सावकाश सांगते.

आधी 'इट'चं बघू, कारण सगळ्यात जास्त तेच गळतं. आपण मराठीत कर्म खुशाल गाळतो. 'इंजेक्शन दिलंस का?' 'दिलं.' संपलं. ऐकणारीला शंका राहत नाही, कारण 'दिलं'च्या शेवटच्या 'लं'मध्येच इंजेक्शन बसलेलं असतं. गोळी असती तर तू 'दिली' म्हणाली असतीस, डोस असता तर 'दिला', थेंब असते तर 'दिले'. काय दिलं त्याची खूण आपलं क्रियापदच अंगावर बाळगतं. इंग्रजी 'गेव्ह'ला असं काही चिकटत नाही. गोळी, डोस, थेंब, रक्ताची पिशवी, सगळ्यांना एकच 'गेव्ह'. म्हणून तिथे काय दिलं ते तोंडाने म्हणावंच लागतं. तू 'येस, आय गेव्ह' म्हणून थांबतेस तेव्हा ऐकणारीही थांबते, कारण तिला वाटतं वाक्य अजून यायचंय. 'येस, आय गेव्ह इट टू हिम ॲट टेन' म्हण. नाहीतर सरळ 'येस, आय डिड' म्हण, तेही पूर्ण उत्तर आहे. 'आय टुक', 'आय ब्रॉट', 'आय लाइक' या सगळ्यांपुढे 'इट' लावायची सवय कर.

'पुट' तर याहून हट्टी आहे. त्याला काय ठेवलं तेही लागतं आणि कुठे ठेवलं तेही. 'व्हेअर इज द इन्सुलिन?' याला 'आय पुट' अर्धवट आणि 'आय पुट इट'सुद्धा अर्धवटच. 'आय पुट इट इन द फ्रिज' म्हटलं की वाक्य पायावर उभं राहतं.

आता 'कुणाला' आणि 'काय' यांचा क्रम. माणूस आधी आला तर 'टू' नको: 'गिव्ह हिम द इंजेक्शन.' वस्तू आधी आली तर 'टू' हवाच: 'गिव्ह द इंजेक्शन टू हिम.' दोन्ही बरोबर. पण वस्तूच्या जागी 'इट' किंवा 'देम' आलं की त्याला क्रियापदाला लागूनच बसव: 'गिव्ह इट टू हिम', 'शो इट टू हर', 'सेंड देम टू द लॅब'. इंग्लंडात काही ठिकाणी 'गिव्ह हिम इट' असंही ऐकू येईल. ते चूक नाही, पण तू पहिलंच धरून ठेव. यामागचं कारण समजलं की पाठ करावं लागत नाही. इंग्रजी वाक्याला नवी, वजनाची गोष्ट शेवटी ठेवायला आवडतं आणि जे दोघींनाही आधीच माहीत आहे ते सर्वनाम करून मध्येच उरकायला आवडतं. 'आय गेव्ह हिम फोर युनिट्स ऑफ इन्सुलिन.' कोणाबद्दल चाललंय ते ठाऊकच आहे, म्हणून 'हिम' मध्ये हळूच येतं. किती आणि काय ते नवीन, म्हणून ते शेवटी, जोर देऊन. ओव्हर घेणारीला जे लिहून घ्यायचं असतं ते तिला असं शेवटी ठळक मिळतं.

आपला सगळ्यात मोठा घोळ 'ला'पाशी होतो. त्याला विचारलं, त्याला सांगितलं, त्याला भेटले, त्याला फोन केला, त्याला मदत केली, त्याला समजावलं. मराठीत सगळीकडे तोच 'ला', म्हणून आपण सगळीकडे तोच 'टू' लावत सुटतो: 'आय आस्क्ड टू हिम', 'आय टोल्ड टू डॉक्टर', 'आय मेट टू हर हजबंड'. आस्क, टेल, मीट, कॉल, हेल्प, इन्फॉर्म, रिमाइंड, ॲन्सर यांना माणूस थेट हवा, मध्ये कुणी नको. 'आय आस्क्ड हिम', 'आय टोल्ड द डॉक्टर', 'आय कॉल्ड हर हजबंड'. मग कधीतरी कुणी टोकतं, 'अगं, टू काढ,' आणि धसका घेऊन मुली तो सगळीकडूनच काढतात: 'एक्सप्लेन मी', 'सजेस्ट मी', 'ही सेड मी'. इथे मात्र तो हवाच असतो. एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, रिपोर्ट, मेन्शन आणि से, यांच्यापुढे माणूस यायचा तर 'टू'चा हात धरूनच येतो: 'प्लीज एक्सप्लेन इट टू मी', 'शी सेड इट टू मी', 'आय रिपोर्टेड इट टू द सिस्टर इन्चार्ज'.

यात एक ढोबळ खूण आहे. गिव्ह, टेल, सेंड, शो, आस्क ही इंग्रजीची घरची, जुनी, छोटी क्रियापदं. ती 'हिम'ला थेट जवळ घेतात. एक्सप्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, रिपोर्ट, डेमॉन्स्ट्रेट ही लॅटिन-फ्रेंचकडून आलेली लांबलचक मंडळी. ती 'टू' मागतात. अपवाद आहेत, 'ऑफर'च बघ, ते लॅटिनकडून येऊनही 'ऑफर हिम वॉटर' चालतं. पण वॉर्डात नवं क्रियापद समोर आलं आणि विचारायला कुणी नसलं, तर ही खूण बऱ्याच वेळा तारून नेते.

आणि हे अवघड जातं म्हणून स्वतःला कमी लेखू नकोस. इंग्लंडबाहेरच्या माणसांना हेच अवघड जातं, हे ओळखून कोश करणारा माणूस होऊन गेला. ए. एस. हॉर्नबी. 1924 साली तो इंग्रजी शिकवायला जपानला गेला. जपानीतही आपल्यासारखंच क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि 'ला', 'ने', 'वर' यांच्यासारखे तुकडे नामाच्या पाठीमागे जोडतात. म्हणजे त्याच्या वर्गातली मुलं साधारण तिथेच अडखळत असणार जिथे तू अडखळतेस. नुसता शब्दाचा अर्थ देऊन भागत नाही, त्या शब्दाभोवती वाक्य कसं बांधायचं तेही कोशात हवं, हे त्याने धरलं. क्रियापदांचे पंचवीस साचे ठरवून त्याने दोन सहकाऱ्यांबरोबर कोश रचला, आणि तो छापून निघाला 1942 साली, टोकियोत, जपान आणि ब्रिटन एकमेकांशी लढत असताना! 1948 मध्ये तोच ऑक्सफर्डने काढला. आज 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' म्हणून जो मिळतो तो त्याचाच वंशज.

हा कोश उघडशील तेव्हा अर्थावर नजर टाकून बंद करू नकोस. क्रियापदाच्या खाली ठळक अक्षरांत बारीकसं काही लिहिलेलं असतं. त्यात 'एस बी' म्हणजे समबडी, कुणीतरी माणूस, आणि 'एस टी एच' म्हणजे समथिंग, काहीतरी वस्तू. 'एक्सप्लेन'खाली 'एस टी एच टू एस बी' दिसेल. 'रिमाइंड'खाली 'एस बी ऑफ एस टी एच'. तेवढी ओळ म्हणजे त्या क्रियापदाचा अख्खा स्वभाव. 'एस बी'च्या जागी 'हिम' ठेव, 'एस टी एच'च्या जागी 'इट' ठेव, वाक्य तयार. मी ट्यूटर झाल्यापासून प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात हेच वाचायला शिकवते, आणि इतकी साधी गोष्ट शाळेत कुणी का दाखवत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. बारा-बारा वर्षं मुली इंग्रजी शिकतात आणि कोशातली ही एक ओळ कुणी दाखवलेली नसते.

घरातल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेबद्दल तू विचारलं होतंस. ती जपून ठेव, तिच्यावर आपल्याकडच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या आहेत. सुट्टीत सोडवत बसायला ती आजही उत्तम. पण मराठी वाक्य मनात आधी उभं करायचं आणि मग त्याचं भाषांतर करायचं, एवढी उसंत वॉर्डात मिळत नाही. तिथे क्रियापद आणि त्याची सोबत एकदमच जिभेवर यायला हवी.

ही सोबत आपल्या कामाच्या शब्दांत कशी असते ते बघ. केस पेपरवर डॉक्टर पहिल्याच ओळीत 'सी' आणि 'ओ' लिहितात. तो 'ओ' म्हणजे 'ऑफ'. 'ही इज कम्प्लेनिंग ऑफ चेस्ट पेन.' दुखणं सांगतोय तोवर 'ऑफ'. तोच पेशंट जेवण थंड आलं म्हणून ओरडत असेल तर 'कम्प्लेनिंग अबाउट द फूड'. एका छोट्या शब्दाने छातीतली कळ आणि कॅन्टीनची डाळ वेगळी होते.

'त्याचं ऑपरेशन केलं' याचं आपण 'दे ऑपरेटेड हिम' करतो. 'ऑपरेट'पुढे थेट कर्म आलं की ते मशीन चालवणं होतं. माणूस असेल तर 'ऑन' पाहिजे: 'दे ऑपरेटेड ऑन हिम यस्टर्डे.' पेशंट वॉर्डात येतो तेव्हा 'ॲडमिटेड टू द वॉर्ड', कशामुळे ते सांगायचं तर 'विथ फीव्हर', आणि घरी जातो तेव्हा 'डिस्चार्ज्ड फ्रॉम द हॉस्पिटल'. पेनिसिलिन चालत नसेल तर 'ॲलर्जिक टू पेनिसिलिन'. इन्चार्ज तुझ्यावर रागावली तर 'अँग्री विथ मी'. आपला 'वर' तिथे 'ऑन' होत नाही. उलट 'डिस्कस'पुढे आपण 'अबाउट' जोडतो तो नको: 'आय डिस्कस्ड इट विथ द डॉक्टर'. आणि यांच्यानंतर सर्वनाम येतं ते नेहमी 'हिम', 'हर', 'मी', 'अस' या रूपातच. 'फॉर शी' नाही, 'फॉर हर'. आपणही 'मीबरोबर' कुठे म्हणतो, 'माझ्याबरोबर'च म्हणतो ना?

आता दोन तुकड्यांची क्रियापदं. यांना मुली फार घाबरतात, पण यांतला नियम एकाच वाक्यात मावतो. 'टेक आउट', 'टर्न ऑफ', 'टेक ऑफ', 'पिक अप', 'कफ अप' अशा जोड्यांत सर्वनाम मध्येच बसतं. कॅन्युलाची जागा सुजली: 'टेक आउट द कॅन्युला' चालेल, 'टेक द कॅन्युला आउट' चालेल, पण 'इट' आलं की 'टेक इट आउट' हे एकच. 'टेक आउट इट' कुणी म्हणत नाही. पंप बंद करायचा तर 'टर्न इट ऑफ'. पेशंटला शर्ट काढायला सांगायचं तर 'प्लीज टेक इट ऑफ'. कफ बाहेर काढायला सांगायचं तर 'कफ इट अप'. दुसरीकडे 'लुक आफ्टर', 'लुक ॲट', 'वेट फॉर', 'लिसन टू' या जोड्या कधी फुटत नाहीत: 'लुक आफ्टर हर', 'वेट फॉर मी'. कुठली फुटते आणि कुठली नाही हे ओळखायचं कसं? जोडीच्या मध्ये 'द पेशंट' घालून बघ. 'लुक द पेशंट आफ्टर' कानाला खुपतं, म्हणजे ती फुटणारी नाही. कान हळूहळू तयार होतो, त्याला वेळ दे.

क्रम बदलला की अर्थ कसा उलटतो ते दाखवणारं माझं आवडतं उदाहरण ऑक्सिजनचं आहे. 'पुट हर ऑन ऑक्सिजन' म्हणजे तिला ऑक्सिजन सुरू कर. मास्क हातात घेऊन 'पुट इट ऑन हर' म्हटलं तर मास्क तिच्या तोंडावर लाव. पहिल्यात 'हर' कर्म आहे, दुसऱ्यात 'इट' कर्म आहे आणि 'हर' ही जागा आहे. ऑक्सिजन बंद करायचा तर 'टेक हर ऑफ ऑक्सिजन', मास्क काढायचा तर 'टेक इट ऑफ'. दोन्ही वेगळ्या ऑर्डरी आहेत. मास्क फक्त पाणी पाजायला काढायचा असेल आणि तू ऑक्सिजनच बंद केलास तर काय होईल, ते तुला मी सांगायला नको.

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस बदलतानाही तेच. दर दोन तासांनी आपण हे करतो, बेडसोअर होऊ नयेत म्हणून. 'टर्न हर ऑन्टु हर लेफ्ट साइड.' काय कर, कुणाला, कुठल्या बाजूला, तिन्ही एका दमात. पहिल्या 'हर'वर जोर नाही, दुसऱ्यावरही नाही, जोर सगळा 'लेफ्ट'वर. छातीत दुखणाऱ्याला सॉर्बिट्रेट देताना: 'पुट इट अंडर युवर टंग. डोंट स्वॅलो इट.' इथला दुसरा 'इट' गाळू नकोस. पेशंट घाबरलेला असतो, त्याला काय गिळायचं नाही ते कळलं पाहिजे.

आता इतका वेळ मी सर्वनामांची बाजू घेतली, तर त्यांच्याबद्दल एक इशाराही देते, आणि तो वरच्या सगळ्या व्याकरणापेक्षा महत्त्वाचा आहे. ओव्हर देताना सुरुवात कधीही 'हिम', 'हर', 'इट'ने करू नकोस. 'आय गेव्ह इट टू हिम' हे व्याकरणात निर्दोष वाक्य आहे, आणि दोन शेजारच्या बेडवर दोन पुरुष पेशंट असतील, दोघांना वेगवेगळी औषधं चालू असतील, तर तेच वाक्य घातक आहे. आधी बेड नंबर, पेशंटचं पूर्ण नाव, औषधाचं पूर्ण नाव, डोस, वेळ. त्यानंतर त्याच पेशंटबद्दल बोलतेस तोवर 'ही' आणि 'हिम' चालेल. पुढच्या बेडकडे वळलीस की पुन्हा नाव. वाक्य लांबलं, तेच तेच नाव आलं, तरी लाजू नकोस. शाळेत निबंधात नाव पुन्हा पुन्हा आलं की बाई लाल रेघ मारायच्या. इथे नाव गाळलं तर पेशंटचं नुकसान होतं.

आता ऐकण्याचं. तू म्हणालीस की डॉक्टर भराभर बोलतात, काही कळत नाही. शब्द तुला माहीत असतात, पण ते छापल्यासारखे सुटे येत नाहीत. ही छोटी सर्वनामं बोलताना शेजारच्या शब्दात विरघळतात, आणि 'हिम', 'हर'मधला 'ह' बहुतेक वेळा गायबच होतो. 'टेल हिम' हे 'टेलिम' ऐकू येतं, 'गिव्ह हर' हे 'गिव्हर', 'टेक इट आउट' हे 'टेकिटाउट'. तू मनात 'टेलिम' नावाचं औषध शोधत बसतेस आणि तोवर वाक्य निघून जातं. म्हणून स्वतः बोलतानाही ते जोडूनच म्हण. जी गोष्ट तोंडातून तशी निघते ती कानालाही तशी ओळखू येते. रोजची कामं करताना पुटपुटत जा: सलाईन लावताना 'आयॅम कनेक्टिंग इट', ड्रेसिंग काढताना 'आयॅम टेकिंग इट ऑफ', पेशंटला बसवताना 'लेट मी सिट यू अप'. कुणी ऐकेल म्हणून ओशाळू नकोस. पेशंटला उलट बरं वाटतं, आपल्याला काय करताहेत ते त्याला कळतं.

आणि कुणी हसलं तर? अगं, तुमच्या वॉर्डात केरळची आहे, मणिपूरची आहे, लातूरची आहे. इंग्रजी तिथे कुणाच्याच घरची भाषा नाही. तुझ्या 'एक्सप्लेन मी'वर ज्या मुली हसल्या, त्यांनीही ते कुणाकडून तरी शिकून घेतलंय. तूही घेशील. त्यांच्याशी अबोला धरू नकोस, त्यांच्याकडूनच विचारून घे. मल्याळी सिस्टर्सच्या ओळखीत परदेशी नोकरीच्या परीक्षांची तयारी केलेल्या मैत्रिणी असतात, त्यांना ही सगळी क्रियापदं तोंडपाठ असतात आणि विचारलं तर त्या आनंदाने सांगतात.

आता उद्याच्या नाइटसाठी एक वाक्य देते, ते पाठच कर. रात्री डॉक्टर फोनवरून ऑर्डर देतात तेव्हा ती लिहून घेतल्यावर फोन ठेवायचा नाही. 'लेट मी रीड इट बॅक टू यू, डॉक्टर' म्हणायचं, आणि पेशंटचं नाव, औषध, डोस, मार्ग, वेळ, सगळं लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवायचं. 'इट' मध्ये, 'बॅक' त्याच्या मागे, 'टू यू' शेवटी. घाईत असले तरी डॉक्टरांना ते ऐकून घ्यावंच लागतं, नव्या मुलीचा तो हक्क आहे आणि कामही. डोस नीट ऐकू आला नसेल तर 'कुड यू रिपीट इट, प्लीज?' आणि तरीही खात्री नसेल तर 'कुड यू स्पेल इट फॉर मी?' ही तिन्ही वाक्यं आत्ता मोठ्याने म्हण बघू, मी फोनवर ऐकते.